खुलासा : आरडाओरड्याने हिमस्खलन होत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर गुलमर्गला निघालेल्यांसाठी एक मेसेज फिरतोय : ‘बर्फात मोठ्याने बोलू नका, आवाजाने हिमस्खलन होतं. शांत राहिलात तर धोका नाही.’

हे चूक आहे. माणसाच्या आवाजात तेवढा जोरच नसतो. आपल्या चोर्ला घाटात पावसाळ्यात दरड येते, ती काय कुणाच्या हाकेने? बर्फाच्या थरांखाली कधीकधी साखरेसारखा सुटा, कच्चा थर असतो. त्यावर स्कीचा किंवा पायाचा भार पडला की वरची अख्खी लादी तुटून घसरते. जीव घेणारी लादी बहुतेकदा अडकलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेली असते. म्हणून तोंड मिटण्यापेक्षा उतार बघा. ३० ते ४५ अंशांचा उतार, त्यावर ताजा बर्फ आणि वारा, तर तिथे जाऊच नका. त्याच्या पायथ्याशीही थांबू नका.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघण्याआधी वाचा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं. गाडलेल्याला वाचवायला पहिली १०-१५ मिनिटंच हातात असतात, आणि तेवढ्यात फक्त सोबतीच पोचतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.