कॅशे जपा, कार्ड उडवा

बसस्टँडसमोर पत्र्याचा गाळा, ८ जीबी रॅमचं मशीन आणि दारावर ‘सिनेमॅटिक वेडिंग’चा फ्लेक्स एवढं जमलं की मराठवाड्यात एडिटिंगचं दुकान चालू झालं म्हणायचं. लग्नसराई तोंडावर आहे. प्रीमिअर प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून झालं असेल तर सेटिंगचं तेवढं बघून घेऊ.

आधी प्लेबॅक रिझोल्यूशन, म्हणजे काम करताना समोरचं चित्र किती बारकाईने दिसावं ते. चित्र दिसतं त्या खिडकीखाली, म्हणजे प्रोग्रॅम मॉनिटरखाली, फुल, १/२, १/४ असे पर्याय दिसतील. फुल आहे ते फुलच राहू द्या. १/४ केल्याने एक्स्पोर्टला काडीचा धक्का लागत नाही, फक्त समोरचं चित्र जरा पुसट दिसतं, हे खरंय. पण तुमच्या खुर्चीमागे नवरदेवाचे मामा बसलेत. “अंधुक दिसायलंय की ओ,” असं ते एकदा बोलले की राहिलेले पैसे अडकले समजा. त्यापेक्षा तळहाताएवढ्या खिडकीत ४के फुलवर चालू द्या. नवरी अडखळत अडखळत मांडवात येईल. मामांना सांगा, मशीनवर लोड आलाय. लोड म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढचं विचारत नाही.

प्रॉक्सीच्या भानगडीत तर पडूच नका. हलक्या फाइली करून त्यावर काम करायचं आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून काढायचं, असले उद्योग वेळ असलेल्यांचे. परभणीत मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, पत्र्याखाली प्रोसेसर तापून आपोआप मंदावतो आणि फ्रेम गळायला लागतात. त्यावर उपाय एकच, मशीनचं झाकण काढून टेबलफॅन लावा आणि घाम पुसत बसा.

आता टाइमलाइनवरची, म्हणजे शॉट ओळीने मांडतात तिथली, लाल पट्टी. तिचा अर्थ एवढाच, की हा भाग रेंडर केल्याशिवाय, म्हणजे इफेक्टसकट आधीच शिजवून ठेवल्याशिवाय, धड चालेल याची खात्री नाही. पिवळी म्हणजे बहुतेक चालेल, हिरवी म्हणजे प्रीव्ह्यू, अर्थात ती शिजवलेली फाइल, तयार. तुमची पट्टी मांडवाच्या दारापासून लाल आहे. साहजिकच आहे, कारण अक्षदा १२ वाजून ३५ मिनिटांच्या असल्या तरी त्याआधी माजी सभापतींपासून चालू उपसरपंचांपर्यंत सगळ्यांचे सत्कार झालेत आणि एकेका फेट्यावर तुम्ही स्लो मोशन, चमचम आणि गुलाबाच्या पाकळ्या अशा तिन्ही गोष्टी टाकल्यात. एंटर दाबा, चहाला जा. परत आलात की पट्टी हिरवीगार. तेवढ्यात फोन येईलच, “आमच्या साडूभाऊंचं नाव नाही दिसलं खाली.” संपूर्ण सत्कारावर नावाची पट्टी चढवा. हिरवं गेलं, लाल आलं. पुन्हा एंटर. नावं, शुद्धलेखन, रंग सगळं पक्कं झाल्यावर सुरुवात-शेवटाच्या इन-आउट खुणा लावून लागेल तेवढाच तुकडा रेंडर करणारे लोक आहेत, नाही असं नाही; पण त्यांना चहाला जायला निमित्त कुठून मिळणार?

एक्स्पोर्टच्या वेळी ‘यूझ प्रीव्ह्यूज’वर डोळे झाकून टिक करा. प्रीव्ह्यू कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या कुठल्या पद्धतीत, बनलेत, ते बघायची गरज नाही. ते हलक्या प्रतीचे असले तर शालूची जर मळकी येईल. ती कॅमेरावाल्याच्या नावावर खपते.

कॅशेकडे, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी बनवतं त्या कामचलाऊ फाइलींकडे, मात्र घरच्यासारखं लक्ष द्या. ती मुळात सी ड्राइव्हवरच, ॲपडेटाच्या लपवलेल्या फोल्डरात साठते. सीएफए, पेक असल्या नावांच्या त्या फाइली उडवल्या तर सॉफ्टवेअर पुन्हा करून घेतं, म्हणून त्यांना अजिबात उडवू नका. प्रेफरन्सेसच्या खिडकीतून त्या दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात, ९० दिवसांपेक्षा जुन्या आपोआप पुसायचीही सोय आहे. पण आपल्याकडे ९० दिवसांत अल्बमचे फोटो निवडून होत नाहीत, तिथं कॅशेलाच कसली घाई? प्रोजेक्टशेजारच्या प्रीव्ह्यू फोल्डरांचंही तसंच. प्रोरेस ४२२ या कोडेकमध्ये फुल एचडीचा एक तास साधारण ५५ जीबी खातो. दोन सालांपूर्वीच्या हळदींचे असे किती तास पडलेत, कुणी मोजलंय?

मग एक दिवस सी ड्राइव्ह लाल होईल, विंडोज कुंथायला लागेल आणि उद्याच्या लग्नाला कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं लागेल. १०० एमबीपीएसवर ४के शूटिंग तासाला ४५ जीबी होतं, हार्ड डिस्कमध्ये जागा नाही, नवी आणायची तर दुकान बंद. अशा वेळी डगमगू नका. कार्ड फॉरमॅट मारा. मूळ शूटिंग काय, त्याचं तर एडिटिंग चाललंच आहे.

महिन्याभराने चुलते येतील, “आमच्या आत्याबाईंचा एकही शॉट नाही, परत बघा बरं.” प्रोजेक्ट उघडा. स्क्रीनभर ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे मूळ फाइल सापडत नाही, असं येईल. चुलत्यांना खुर्ची द्या, चहा मागवा आणि सी ड्राइव्हवरचं ते फोल्डर उघडून दाखवा. लग्नातल्या सनईच्या लाटांची नक्षी पेक फाइलींत जशीच्या तशी शिल्लक आहे, एकही हललेली नाही. ॲडव्हान्स परत मागितलाच, तर लाइट गेली म्हणून सांगा.