क्लच कुठाय?

आमच्या वाट्याची जमीन रिंगरोडात गेली आणि मोबदला खात्यावर जमा झाला, तेव्हा माझ्या पक्क्या लायसन्सला एक महिना सात दिवस झाले होते. वय बावन्न. जमीन रस्त्यानं नेली, तर रस्त्यावर पळवायला गाडी तरी झ्याक असावी, इतका सरळ हिशेब होता. बायको म्हणाली, "अहो, आधी गेटातून रिव्हर्स घ्यायला शिका."

भाच्यानं पोर्शे ९११ या स्पोर्ट्‌स कारपासून सुरुवात केली. हिचं इंजिन १९६३ पासून मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट पुढे येऊ बघतं. आजकाल त्यावर इलेक्ट्रॉनिक पहारा असतो म्हणे. पण माझं सगळं ड्रायव्हिंगच घाबरून पाय काढण्यावर उभं आहे. पोर्शे बाद. (किंमत मी नंतर विचारली. आधी विचारली असती तर एवढा अभ्यास वाचला असता.)

मला खरं तर सावकाश जाणारी स्पोर्ट्‌स कार हवी होती. अशी एक आपल्याकडे होऊनही गेली, सॅन स्टॉर्म. दोन सीटं, फायबरची बॉडी आणि रेनॉचं साठेक अश्वशक्तीचं इंजिन. दिसायला वाघ, स्वभावानं मांजर. मी हरखलो. "मामा, ती बंद पडून जमाना झाला," भाचा म्हणाला. गुणी माणसांचं असंच होतं.

शेवटी फोर्डची एक जुनी लाल मस्टँग बघायला गेलो. ही भारतात २०१६ मध्ये आली. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, जवळजवळ पाच हजार सीसी. मी शिकलो त्या मारुतीचं ७९६. मस्टँगचं पोट मात्र जमिनीपासून वीतभरही उंच नाही. गतिरोधक नियमानं दहा सेंटिमीटरचा असतो. आमच्या गल्लीतला मंडळानं घातलाय, आणि मंडळाचं कुठलंच काम दहा सेंटिमीटरमध्ये बसत नाही.

सल्ल्याला ड्रायव्हिंग क्लासचे काका नेले होते. क्लासच्या गाडीत डावीकडे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक होता. मी पास झालो त्यात निम्मा वाटा त्या ब्रेकचा. "तसा इथे बसवून मिळेल?" मी विचारलं. विक्रेत्यानं माझं लायसन्स पुन्हा एकदा मागून घेतलं.

मग तो मागच्या सीटवर घडी घालून बसला, काका माझ्या डावीकडे. बटण दाबलं. गुरगुराट असा, की समोरच्या टपरीवरचं कुत्रं उठून दुसऱ्या टपरीवर गेलं. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच नाही. हे मला सांगितलं होतं. माझ्या डाव्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं. गेटाबाहेर पडताच रिक्षा आडवी आली. डावा पाय सवयीनं क्लच शोधत गेला, त्याला रुंदच्या रुंद ब्रेक सापडला, आणि तो त्यानं क्लचसारखाच तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. मागून विक्रेत्याचं डोकं आमच्या दोघांच्या मध्ये आलं.

काकांचा बूट अजून समोरच्या मॅटवर घट्ट रोवलेला होता. तो हळूच उचलून ते समाधानानं म्हणाले, "साहेब, बिनधास्त घ्या. या बाजूचा ब्रेक एक नंबर आहे हिचा."