गाडीचं हॉटेल झालं अन् डोकं फिरलं

संभाजीनगरात कॅनॉटला फूड ट्रक लावायचा तेव्हा मालक स्वतः तव्यावरून थेट प्लेटमध्ये वाढायचा. कांदा मागाल तितका. आता हॉटेल झालं, एसी आला, अन् कांद्याचे वेगळे पैसे! मेनूकार्ड? कोड स्कॅन करा म्हणे. नेट चालंना, पोरगा फिरकंना. साधं पाणी मागितलं की बाटलीचं झाकण कर्रकन फोडूनच आणतात, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. बिलात ५ टक्के जीएसटी, ठीक आहे. पण त्याच्याखाली गुपचूप सर्व्हिस चार्ज? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय, तो परस्पर लावायचा नाही. दाखवलं तर मॅनेजर म्हणतो, ‘सर, सिस्टीममधूनच येतोय.’ मग काढा की! आम्ही काय तुमच्या सिस्टीमला जेवू घालायलोत?