'डोंगराचा धूर नैसर्गिक असतो' म्हणणाऱ्या त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा

गेल्या आठवड्यात यवतेश्वरच्या बाजूचा डोंगर रात्रभर पेटलेला. आमच्या गच्चीवरून आगीची लाल रेघ वर सरकताना दिसत होती, आणि पहाटे उठून बघतो तर सगळी गल्ली धुरकट, दोरीवरच्या कपड्यांवर जळक्या गवताची काळी काजळी, चिमटीत धरली की चुरा होऊन बोटाला चिकटते ती. त्याच सकाळी दुकान उघडायच्या आत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. साताऱ्यात माझं मेडिकल आहे, आणि त्या दिवशी काउंटरवर आलेले निम्मे लोक तो मेसेज वाचूनच आलेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

मेसेज असा: वणव्याच्या धुराला घाबरू नका, हा गाड्यांचा धूर नाही, लाकूड-गवताचा नैसर्गिक धूर आहे. आपल्या आज्या जन्मभर चुलीपुढं बसल्या, त्यांना काही झालं नाही. नाकाला ओला रुमाल बांधा, गूळ खा म्हणजे फुप्फुसं साफ होतात, घरात कापूर आणि धूप जाळा, झाडं ठेवा, मोबाईलवर हवा चांगली दाखवत असेल तर खुशाल फिरायला जा, आणि धूर विरला की विषय संपला.

पाठवणाऱ्यांचं मन चांगलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य माणसाला धुरातच थांबवून ठेवतं, मला राग त्याचा आहे.

आधी 'नैसर्गिक'चं बघू. बिब्बा पण नैसर्गिकच असतो, उतला की कातडी सोलवटते. गवत-लाकूड जळतं तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, बेंझिन निघतं, फॉर्मल्डिहाईड निघतं (डोळे चुरचुरतात त्यात याचा वाटा आहे), आणि सगळ्यात वाईट म्हणजे बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात. हा कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढा. नाकातले केस त्याला अडवत नाहीत, घशात अडकत नाही, तो थेट फुप्फुसाच्या तळाला जातो, आणि त्यातले अगदी बारीक तर रक्तात उतरतात. म्हणून धुराच्या दिवसात नुसते दम्याचेच नाही, हार्टचे पेशंटही वाढतात. कपड्यावरची काळी काजळी आपण बघतो आणि झटकतो, पण ती जाड असते, दिसते, नाकातच अडते. त्रास देणारा कण दिसतच नाही.

आता आज्यांचं. हे वाक्य वाचलं की मला माझी आई दिसते. परळी खोऱ्यातलं माहेर, लग्नानंतरही वीस-बावीस वर्षं चूल, लोखंडी फुंकणी अजून माळ्यावर पडलीय आमच्या. पन्नाशीला तिचा खोकला थांबेना, जिना चढताना मध्ये बसायला लागली, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'मावशी, विडी-मशेरी काही?' ती म्हणाली, 'चूल फुंकली ओ डॉक्टर, दुसरं काय न्हाय.' सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. त्या पिढीत घरोघरी एक खोकणारी म्हातारी होती आणि आपण त्याला वय म्हणायचो. स्वयंपाकाच्या धुरामुळं एकट्या २०२० सालात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आज्यांना काही झालं नाही असं म्हणणं म्हणजे त्यांचा खोकला आपण ऐकलाच नाही.

ओला रुमाल. यावर जरा जास्त बोलतो कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. घरातला एखादा रुमाल भिजवून, पिळून खिडकीच्या उजेडात धरा. विणीच्या भोकांतून उजेड येतो ना, त्या प्रत्येक भोकातून पीएम २.५ चे कितीतरी कण एका वेळी आरामात जातील. पाण्यानं राख अडेल, नाक थंड वाटेल, बरं वाटेल, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस अजून तासभर बाहेर राहील. कार्बन मोनॉक्साईड तर अजिबात अडत नाही. निळा सर्जिकल मास्क रुमालापेक्षा बरा, पण गालाशी दोन्हीकडून उघडा असतो, हवा तिथूनच शिरते. धुरासाठी पाहिजे एन-९५. अगदी बारीक कणही किमान ९५ टक्के अडवतो म्हणून ते नाव. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, नाकावरची पट्टी दाबायची, दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांकडं हवा लागली तर नीट बसलेला नाही. दाढी असेल तर कडेनं गळतो. आणि हात जोडून सांगतो, एन-९५ धुऊ नका! एक काका कोविडमधला मास्क साबणानं धुऊन, उन्हात वाळवून घडी करून घेऊन आलेले, 'अजून चांगलाय बघ.' त्याच्या आतल्या थरात विजेचा भार असतो, त्यानंच बारीक कण चिकटतात, साबणानं तो जातो आणि मग राहतं नुसतं कापड. लहान पोरांना मोठ्यांचा मास्क बसतच नाही, त्यांना घरात ठेवणं हाच उपाय.

गुळाचं मूळ मला माहितीय. १९९४ साली लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केलेला, कोळशाची आणि सिलिकाची धूळ त्यांच्या फुप्फुसात घातली आणि गूळ दिलेल्या उंदरांत ती जास्त साफ झालेली दिसली. अभ्यास खरा आहे, पण उंदरांवरचा आणि खाणीच्या धुळीचा. त्यावरून वणव्याच्या धुरात माणसाला गूळ पुरतो असं होत नाही. आपण खातो ते पोटात जातं, श्वासनलिकेत नाही. सांगली-कराडचा गूळ चवीनं खावा, पण शुगरवाल्या माणसानं धुराच्या नावाखाली खडेच्या खडे खाऊ नयेत.

कापूर-धूप: बाहेर धूर आहे म्हणून आत अजून धूर करायचा? उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, कापूर, सगळ्यातून तेच बारीक कण निघतात आणि बंद खोलीत कोंडतात. त्या दोन-तीन दिवसांत देवाला फूल वाहा, तुपाचं निरांजनही क्षणभरच ठेवा. कापराच्या वड्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेल्या तर फिट येऊ शकते.

झाडांचा मुद्दा दोन ओळीत. घरातली झाडं हवा साफ करतात म्हणून नासाचा १९८९ चा जो अभ्यास सांगतात, तो बंद पेटीतल्या गॅसवरचा होता, धुराच्या कणांवरचा नाही. चार कुंड्यांनी खोलीतला धूर जात नाही.

मोबाईलवरचा आकडा मात्र नीट समजून घ्या. आपल्या देशाचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, २४ तासांच्या सरासरीवर काढतात, म्हणजे पहाटे अचानक धूर भरला तर आकडा सावकाश चढतो. शिवाय ॲप दाखवतं ते स्टेशन आपल्यापासून कितीतरी लांब असू शकतं, आणि साताऱ्यासारख्या डोंगरांच्या कुशीतल्या गावात पहाटे थंड हवा खाली बसते आणि धूर तिच्यातच अडकतो, ते त्या स्टेशनला कसं कळणार? डोळ्यांनी बघा. रोज स्वच्छ दिसणारा जरंडेश्वराचा डोंगर पुसट दिसला, घसा खवखवला, जळका वास आला, तर त्या दिवशी अजिंक्यताऱ्याची सकाळची फेरी नको. चढ चढताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा ओढतो, आणि धूरही तेवढाच.

मग करायचं काय? खिडक्या-दारं बंद, दाराखालच्या फटीला ओला टॉवेल, आणि घरातले सगळे, निदान म्हातारी माणसं, पोरं, गरोदर बाई, दम्याचे-हार्टचे पेशंट, एका खोलीत. कूलर बंद ठेवा, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही, कूलर बाहेरचीच हवा ओढतो आणि त्याची ओली जाळी बारीक धूर अडवत नाही. पंखा चालेल, स्प्लिट एसी चालेल, तो खोलीतलीच हवा फिरवतो. तळण टाळा. यवतेश्वर घाटातून जायचंच असेल तर गाडीच्या काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू. पण पत्र्याचं घर असेल तर मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद करून बसू नका, उष्णतेनं जास्त हाल होतील, त्यापेक्षा दिवसभर धूर नसलेल्या बाजूच्या नातेवाइकांकडं जा. इन्हेलरचा रोजचा डोस चुकवू नका, तात्काळचा पंप उशाशी ठेवा, डोस मनानं वाढवू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर झाले, छातीत दुखलं तर वाफ घेत बसायचं नाही, लगेच १०८. आणि वणवा दिसला तर फोटो टाकण्याआधी वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

राहिला शेवटचा मुद्दा, धूर विरला की विषय संपला. आमच्याकडं धूर दुपारपर्यंत विरला, आकाश निळं झालं, मी खिडक्या सताड उघडल्या कारण आत अडकलेलं बाहेर जायला पाहिजे. राख झाडूनं झाडली नाही, झाडली की पुन्हा हवेत उडते, ओल्या फडक्यानं पुसून घेतली. तरी आईला खरा त्रास झाला तो दुसऱ्या रात्री. अडीच वाजता उठून बघतो तर पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर ओढून श्वास घेतीय. धुराचा परिणाम नंतरही काही दिवस राहतो, तेवढे दिवस घरातल्या पेशंटकडं रात्री उठून बघा. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप दिला, वीस मिनिटांनी ती टेकली, आणि झोपताना विचारलं, 'डोंगर इजला का?'