गुण वाढले म्हणजे आजार हटला असे नव्हे

कोल्हापुरातल्या पालकांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार) असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचे नॉर्थ स्टार या हालचालींची क्षमता मोजणाऱ्या चाचणीतले गुण मालिश आणि काढ्याने सहा महिन्यांत २२ वरून २५ झाले, रक्तातले सीपीके (स्नायूंची हानी दाखवणारे द्रव्य) निम्म्यावर आले, पोटऱ्या भरल्या. म्हणजे आजार हटला, तेव्हा झीज मंदावण्यासाठी दिले जाणारे स्टिरॉइड बंद करा आणि चाचण्यांऐवजी मुलगा रंकाळ्याला किती चालतो तेवढे बघा, असा त्याचा आशय आहे. यातील एकही निष्कर्ष टिकत नाही.

पहिला मुद्दा गुणांचा, आणि तोच सर्वांत फसवा आहे. या चाचणीत १७ कृती असतात, प्रत्येकीला ० ते २ गुण आणि एकूण ३४. जमिनीवरून उठताना मुलगा कसल्याही आधाराशिवाय सरळ उभा राहिला तर २. ओणवा होऊन, गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठला तर १. खुर्ची किंवा भिंत धरावी लागली तर ०. मात्र चार-पाच वर्षांचे मूल वाढत असते. तोल सुधारतो, उडी मारणे जमू लागते, सांगितलेले नीट कळते. त्यामुळे स्नायू झिजत असतानाही साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे गुण वाढतात आणि त्यानंतर उतरू लागतात. एलेविडिस या जनुकोपचाराच्या एम्बार्क चाचणीत चार ते सात वर्षांची १२५ मुले होती. वर्षभरात औषध मिळालेल्यांचे गुण सरासरी सुमारे २.६ ने वाढले आणि ज्यांना केवळ निष्क्रिय द्रव दिला होता त्यांचेही १.९ ने वाढले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. जनुकोपचार न देताही इतकी वाढ होत असेल, तर एकाच मुलाच्या तीन गुणांवरून काढ्याला श्रेय कसे देणार? त्या काळात त्याचे स्टिरॉइड सुरू होते का, दोन्ही वेळा तपासणारा फिजिओ एकच होता का, हेही संदेशात नाही.

सीपीके उतरणे ही सुधारणेची खूण नव्हे. हे द्रव्य फुटणाऱ्या स्नायूंतून रक्तात येते. धावपळ झाली की वाढते, विश्रांतीने उतरते, आणि वय वाढता वाढता स्नायूच कमी उरल्यामुळेही घटते.

पोटऱ्यांबद्दल तर आपल्या तालमीच्या गावात अधिकच गैरसमज होतो, कारण भरलेली पोटरी म्हणजे ताकद अशी आपली नजर तयार झालेली आहे. या आजारात स्नायूची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात, त्यामुळे पोटरी मोठी दिसते पण बळ घटलेले असते.

रंकाळ्याच्या फेरीचे म्हणाल, तर गर्दी, ऊन, मुलाचा हट्ट आणि वाटेतली भेळ यांवर ती ठरते. त्याऐवजी दहा मीटर धावण्याचा आणि जमिनीवरून उठण्याचा वेळ घड्याळ लावून, त्याच जागी, दर सहा महिन्यांनी नोंदवला तर तुलना करता येते. उठण्याचा वेळ वाढू लागणे ही इतर कृती बिघडण्याच्या आधीची सूचना असू शकते.

स्टिरॉइड बंद करण्याचा सल्ला मात्र केवळ चुकीचा नाही, धोकादायक आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवल्यास मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी नैसर्गिक स्टिरॉइड तयार करून शरीराची गरज भागवू शकत नाहीत आणि ताप किंवा जुलाबासारख्या साध्या आजारातही मुलाच्या जिवावर बेतू शकते. ज्या पालकांनी हा संदेश वाचून गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी पुढच्या तारखेची वाट न पाहता आजच आपल्या डॉक्टरांशी बोलावे.