ठासणीच्या बंदुकीला करडईचे तेल पाजण्याविषयी

नवरात्र तोंडावर आले की खंडेनवमीच्या पूजेसाठी जुनी हत्यारे माळ्यावरून खाली काढली जातात आणि त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे गंजाची धास्ती नको, ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीच्या नळीला पाणी कधीही लागू देऊ नये, रॉकेलने पुसली की पुरे, नळी चुलीवर तापवून तिला करडईचे तेल पाजावे, म्हणजे ती तव्यासारखी मुरते आणि पुन्हा जन्मात गंजत नाही, शेवटी आत ट्रॅक्टरचे ग्रीस गच्च भरून बंदूक कातडी म्यानात ठेवावी. पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरीही हे पुढे पाठवतात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक आहे.

नळी तापवण्याचा सल्ला संदेशात मध्येच आला असला तरी तो आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी बंदूक खराब होईल, या चुकीने माणूस जाईल. वर्षानुवर्षे पडून असलेल्या ठासणीच्या बंदुकीत आजोबांच्या काळचा बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, तसाच असणे ही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेट घेते. त्यामुळे बंदूक हाती आली की नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून, स्वतः तोंडासमोर न येता, लाकडी किंवा पितळी गज हलकेच तळापर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशी त्याच्यावर खूण करावी आणि तीच खूण तोंडाशी धरून गज बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचे टोक रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या दारूच्या) छिद्रापर्यंत किंवा टोपी बसते त्या निपलच्या जागेपर्यंत पोहोचले पाहिजे. ते चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत बार आहे असेच धरून चालावे आणि स्वतः काही उकरत न बसता परवानाधारक कारागिराकडे जावे. बार नसला तरी चूल वर्ज्यच आहे. दुनळीच्या दोन नळ्या व त्यांमधली पट्टी पुष्कळदा कथील-शिशाच्या डाकाने जोडलेली असते. हा डाक 183 अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो, आणि तवा मुरवायला तर त्याहून अधिक उष्णता लागते.

आता मुरवण्याविषयी. या कल्पनेत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती पटते. करडईचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू वाळणाऱ्या तेलांपैकी आहे. हा गुण ज्यावरून मोजतात तो आयोडीन अंक जवसाच्या तेलात 170 च्या पुढे, करडईत 140 च्या आसपास, शेंगदाण्यात 90 च्या जवळपास आणि खोबरेल तेलात जेमतेम 10 असतो. करडईचे तेल तव्यावर कठीण थर धरते ते याच गुणामुळे. परंतु तव्यावर पातळ थर पुनःपुन्हा चढत राहतात. नळीत मात्र प्रत्येक बारासोबत गोळी, चिंधी आणि जळते वायू त्या थरावरून जातात आणि मागे उरतो तो पोटॅशियमच्या क्षारांचा काजळीयुक्त लेप. त्यातले पोटॅशियम कार्बोनेट लाकडाच्या राखेतही असते. ते अल्कधर्मी असल्याने तेलाचा थर सैल करते. थर जिथे तुटतो तिथे खालच्या लोखंडात खड्डा पडू लागतो आणि वरच्या तपकिरी थरामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. न तापवता नुसते चोळलेले करडईचे तेल काही आठवड्यांत चिकट होते, धूळ धरते आणि चाप-घोड्याच्या यंत्रणेत शिरले तर ती अडकवते. मेण आणि चरबीचे मिश्रण चिंधीला लावून बार भरण्याची जुनी रीत वेगळी आहे. तिचा हेतू काजळी मऊ ठेवणे हा असतो, आणि तेवढ्यापुरती ती रीत योग्यच आहे. तिच्यावरून साठवणीचा नियम काढणे, हीच या संदेशाची मूळ गफलत आहे.

पाणी वर्ज्य मानण्याचा मुद्दा तर सरळसरळ उलटा आहे. काळी दारू म्हणजे साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपातच उरते, आणि त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड हे क्षार प्रामुख्याने असतात. हे क्षार रॉकेलमध्ये विरघळत नाहीत. पाण्यात मात्र कार्बोनेट इतके विरघळते की साध्या तापमानाला 100 मिलिलिटर पाण्यात ते 110 ग्रॅमपर्यंत मावते. म्हणून बार उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाणी व थोडा साबण वापरून नळी धुवावी, स्वच्छ पाण्याने खळबळावी आणि चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसावी. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे खळबळणे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने करावे. चिंधी धुतलेल्या जुन्या सुती कापडाची घ्यावी. आपल्याकडे टॉवेलचे तुकडे मुबलक मिळतात, पण त्यांचे तंतू नळीत राहतात, आणि मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते.

कोरड्या हवेचा दिलासाही याच क्षारांमुळे टिकत नाही. स्वच्छ लोखंड सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी सहसा गंजत नाही, हे खरे. परंतु पोटॅशियम कार्बोनेट हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 43 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच ओलसर होऊ लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. त्यातून जिल्ह्यातला जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे पूजेच्या अगदी आधी. पूजेत लावलेले ओले हळदकुंकू आणि फुलांचा ओलावाही त्याच दिवशी पुसून काढलेला बरा.

ग्रीसला माझा विरोध नाही. धुऊन कोरड्या केलेल्या नळीत खनिज तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ, सलग थर हेच खरे संरक्षण आहे. मात्र न धुतलेल्या नळीत ग्रीस भरले की क्षार आणि ओलावा त्याखाली कोंडले जातात. गच्च भरलेले ग्रीस निपलच्या बारीक वाटेत शिरते, बार पेटत नाही किंवा उशिरा पेटतो, आणि उशिरा पेटणारा बार हा हाताळणाऱ्याच्या जिवाशी खेळ असतो. म्हणून बार भरण्यापूर्वी नळी आणि निपल दोन्ही पूर्ण पुसून कोरडी करावीत. डब्ल्यूडी-40 हा फवारा 1953 मध्ये धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाला. धुतल्यानंतर तो उपयोगी आहे, पण वर्षभराची राखण त्याच्या पातळ थरावर सोपवू नये. कातडी म्यान कमावण्यातले आम्ल व क्षार आणि हवेतला दमटपणा दोन्ही धरून ठेवते, त्यामुळे साठवणीला ते अयोग्यच. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागारात असतात तशी केवळ पाहण्याची हत्यारे घरी असतील, तर बाहेरच्या धातूला संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण पुरेसे होते. त्यांवरचा जुना तपकिरी रंग विटकरीने घासून चकाकवणे म्हणजे वस्तूचे मोल स्वतःच्या हाताने घालवणे.

तेल दिल्यावर बंदूक काही दिवस तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल कुंद्याच्या लाकडात मुरत नाही. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी आत फिरवावी. ती तांबूस निघाली तर धुणे अपुरे झाले असे समजून पुन्हा पाण्यापासून सुरुवात करावी, आणि पावसाळ्यात हीच तपासणी महिन्यातून एकदा करावी.