कुबडीवाल्याच्या बायकोला काय विचारावे?

तुमच्या गावात पोलिओचा पाय घेऊन फिरणारा एखादा माणूस असेलच. त्याचं लग्न झालेलं असेल आणि वरून त्याची बायको गरोदर असेल, तर तुमची जबाबदारी वाढली. काय विचारायचं, कुठं बघायचं, कोणत्या वेळी हसायचं हे आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी माणूस गांगरतो, गप्प बसतो आणि चांगला मोका हातचा जातो. मी त्याच पंथातला आहे. वय 44, उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी, तालुक्याच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान. बायकोला पाचवा महिना लागलाय. त्यामुळं हा सल्ला ऐकीव नाही, या 9 तारखेचा ताजा आहे.

पहिलं काम म्हणजे नातं ठरवणं. नवरा सोडून कोणतंही चालेल.

महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. लाइन व्हरांड्याच्या बाहेर गेली होती. आमचा नंबर आला तशी खिडकीमागच्या बाईंनी रजिस्टरातून मान वर केली. आधी माझी कुबडी पाहिली, मग बायकोचं पोट पाहिलं, मग पुन्हा कुबडी.

‘‘हे भाऊ होय का तुमचे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मिस्टर नाही आले?’’

‘‘हेच मिस्टर,’’ बायको म्हणाली.

बाईंचा पेन थांबला. ‘‘यांच्यानं?’’ एवढंच म्हणाल्या त्या. एका शब्दात पूर्ण वैद्यकीय तपासणी. मागून एक म्हातारी पुटपुटली, ‘‘होते वाटते बाप्पा!’’ आणि अर्धी लाइन पदर तोंडाला लावून हसली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी भिंतीवरचं लोहाच्या गोळ्यांचं पोस्टर तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.

या प्रसंगातून वाचकांनी शिकायचं ते असं, की प्रश्न नेहमी बायकोला विचारावा. कुबडीवाला समोर उभा असला तरी तो हजर आहे असं धरू नये. एसटीत कंडक्टर हे बरोबर करतो. तिकीट माझ्या हातात आणि विचारतो बायकोला, ‘‘यायले कुठी उतरवायचं?’’ जमलं तर माझ्याशी मोठ्यानं बोलावं. पाय गेला की कान पण जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या गुणाला शास्त्रात नावसुद्धा आहे: ‘स्प्रेड’, म्हणजे पसरणं. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या लोकांशी बोलून तमारा डेंबो, ग्लोरिया लेव्हिटन आणि बिअॅट्रिस राइट या तीन मानसशास्त्रज्ञ बायांनी ते मांडलं. माणसाच्या एका अंगात उणीव दिसली, की बघणारा ती त्याच्या सगळ्या अंगांवर, अकलेवर, स्वभावावर पसरवून टाकतो. पांढऱ्या सदऱ्यावर शाईचा थेंब पडावा तसं. थेंब पायावर पडतो आणि लोक डाग थेट अंथरुणापर्यंत नेतात. त्या तिघींनी हे लिहिलं 1956 साली, परदेशात. आमच्या दवाखान्याची लाइन त्यांनी पाहिलेली नव्हती.

आता थोडं शरीराबद्दल. हे तुम्ही वाचू नका, वाचलं तर विचारायला काही उरणार नाही. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. स्पर्श कळवणाऱ्या नसांना तो हात लावत नाही. म्हणून माझा पाय वाळला, पण त्या पायाला मुंगी चावली तर मला तुमच्याइतकंच कळतं. बाकीचंही सगळं तुमच्याइतकंच. देशातला पोलिओच्या मूळ (जंगली) विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत बंगालमध्ये सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे आमची ही शेवटचीच पिढी. संपायच्या आत काय विचारायचं ते विचारून घ्या.

शब्द जपून वापरा. लंगडा म्हणू नका, दिव्यांग म्हणा. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून हा शब्द सुचवला. तेव्हापासून माझ्या ठायी एक दिव्य अंग आहे असं गाव मानतं. कोणतं, ते विचारायची मात्र चोरी आहे.

पोरगा अपंग असेल तर त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षीही बाळ म्हणत राहावं. आम्ही पोट्टे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचो. कोणती मुलगी कोणाकडं पाहून हसली, याच्या गोष्टी रंगात यायच्या आणि मी कुबडी टेकत पोचलो की विषय क्रिकेटवर जायचा. ‘‘याच्यासमोर काहून बे? बिचाऱ्याले वाईट वाटन.’’ मला वाईट वाटू नये म्हणून मला काहीच कळू दिलं नाही कोणी. वर्गात विज्ञानाचा तो धडा सरांनी सगळ्यांनाच ‘घरी वाचा’ सांगितला होता, पण बाकीच्यांना निदान धुरा होता. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून मराठीत हेच सांगत बसले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. आमच्या गावाला अजून तो अंक पोचायचा आहे.

पंचवीस वर्षांचा होईपर्यंत मीही मानून चाललो होतो, की आपल्याला ते नसतं. हे लोकांनी केलेलं सगळ्यात पक्कं काम. बाहेरून हसणारे संध्याकाळी घरी जातात. आत बसून हसणारा जात नाही.

लग्न जमवताना मापात माप घालावं. पायानं अधू पोरगा असेल तर कानानं अधू पोरगी आणावी, म्हणजे भांडण होत नाही. सोयरीक घेऊन येणारे पाव्हणे मला बैलजोडीच बघत असल्यासारखे वाटायचे. एकानं माझ्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘बाकी समदं ठीक हाय ना?’’ बाप बिचारा म्हणाला, ‘‘दुकान बरं चालते.’’

सरकारी योजनेचा उल्लेख न चुकता करावा. अव्यंग माणसानं अपंगाशी लग्न केलं तर प्रोत्साहन मिळतं. 2014 साली ते 50,000 रुपये ठरलं होतं, 40 टक्क्यांच्या दाखल्यावर. माझी बायको दोन्ही पायांनी धडधाकट आहे. तेव्हा लग्नाच्या दिवशीपासून तिच्या प्रेमाचा भाव गावाला तोंडपाठ आहे.

कण्याला मार लागलेल्यासाठी नियम वेगळा आहे. त्याच्याशी या विषयावर बोलायचंच नाही. माझा एक दोस्त चिंचेवरून पडला, तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. कमरेखालचं सगळं गेलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला लघवीची नळी कशी बदलायची ते शिकवलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कधी बदलायची ते शिकवलं. सुट्टी व्हायच्या दिवशी त्यानं हिंमत करून डॉक्टरला एक प्रश्न विचारला. ‘‘जीव वाचला ना? आता हे काय सुचते तुला?’’ असं उत्तर मिळालं आणि वॉर्डबॉयपासून बाजूच्या पेशंटपर्यंत सगळे त्याच्याकडं असे बघायला लागले, जसं काही त्यानं चोरी केली. खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी एक केंद्र असतं. मार त्याच्या वर बसला असेल तर मेंदूचा निरोप खाली न पोचताही नुसत्या स्पर्शानं शरीर जागं होऊ शकतं. मूल हवं असेल तर त्याचेही वैद्यकीय मार्ग आहेत. आणि शेजारी झोपणं, डोक्यावरून हात फिरवणं यासाठी कोणत्याच केंद्राची परवानगी लागत नाही. हे कोणी सांगितलं नाही. घरी आल्यावर बायकोची बाज दुसऱ्या खोलीत गेली. ती दिवसभर त्याची नळी बदलते, पाठ पुसते. रात्री तिला नर्सपासून पुन्हा बायको कसं व्हायचं ते कळत नाही, आणि त्याला पेशंटपासून पुन्हा नवरा. चार वर्षं झाली. दोघंही चांगली माणसं आहेत आणि दोघंही एकमेकांची माफी मागत जगतात.

मुलगी अपंग असेल तर सल्ला एका शब्दाचा आहे: पिशवी.

आमच्या गल्लीत एक मतिमंद पोरगी आहे. चौदाव्या वर्षी पाळी आली, तशा शेजारच्या बाया तिच्या मायला धीर द्यायला जमल्या. ‘‘पिशवी काढून टाक वो, कायले डोक्याले ताप?’’ पहिलं कारण सांगितलं कपडे खराब होण्याचं. दुसरं कारण हळू आवाजात. ‘‘उद्या कोणी काही केलं त?’’

कोणी काही केलं तर! जरा थांबा इथं. कोणी काही केलं तर पोटात काही राहू नये, म्हणून तिची पिशवी काढायची. म्हणजे करणारा करणारच, हे सगळ्यांना मान्य आहे. तो कोण असेल याचाही अंदाज त्या घोळक्यातल्या प्रत्येकीला असतो. पिशवी काढल्यानं त्याचा हात थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा थांबतो. पोरीचं पोट कापून तुम्ही त्या हरामखोराची सोय करून ठेवता आणि त्याला म्हणता काळजी!

आणि हे काही अडाणी बायांचंच डोकं नाही. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्यात नेऊन डॉक्टरांनी त्यांची गर्भाशयं काढली. शिकलेल्या लोकांनी, स्वच्छतेच्या नावाखाली. महाराष्ट्रात तेव्हा गदारोळ झाला होता. 2009 मध्ये चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका मुलीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिच्यावर तिथं अत्याचार झाला होता, तिला दिवस गेले होते, आणि तिला मूल हवं होतं. प्रशासन म्हणालं, हिला काय कळतं. कोर्ट म्हणालं, तिला विचारल्याशिवाय गर्भपात करता येणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 10 आलं: अपंग माणसाला मूल होणं कायमचं बंद करणारा कोणताही इलाज त्याच्या स्वतःच्या मर्जीशिवाय, समजावून सांगितल्याशिवाय करता येत नाही. मी दुकानातून त्या कलमाची झेरॉक्स काढून त्या मायला नेऊन दिली. तिनं ती देवाच्या फोटोमागं ठेवली. बाकीच्या बायांनी विचारलं, ‘‘हा काहून एवढा इंटरेस घेते?’’

घ्या. हेही माझ्याच अंगाशी.

त्या पोरीला नवऱ्या मुलीसारखं नटायला आवडतं. लग्नाच्या मांडवात ती सगळ्यात पुढं असते, डोक्याला गजरा मागून घेते. ते पाहून लोक हसतात, आणि त्याच मांडवाच्या मागं तिला कोणी ओढलं तर तिला काय कळते म्हणून गप्प बसतात. तुम्हाला लाज कशाची वाटते एवढं तरी एकदा ठरवा!

आपण विदर्भातले लोक तर या बाबतीत फार अभिमानानं बोलतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये कुष्ठधाम निघालं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. शाळेच्या सहली जातात तिथं, मीही गेलोय. बरे झालेल्यांनी तिथं लग्नं केली, संसार मांडले, याचं आपण केवढं कौतुक करतो! पण कुष्ठरोग झाला म्हणून जोडीदाराला सोडता येईल, हे हिंदू विवाह कायद्यातलं कारण निघालं कधी? 2019 मध्ये. सत्तर वर्षं आपण सहली काढत होतो.

बास झालं. टोमणे मारून मला काही जमत नाही, सरळच सांगतो.

खिडकीमागच्या बाई, तुम्हाला पगार गरोदर बाईचं वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहायचा मिळतो. पोट कोणाच्यानं आलं हा रकाना त्या रजिस्टरात नाही. चारचौघांत अपंग माणसाचा मुद्दाम पाणउतारा करणं हा 2016 च्या त्याच कायद्यात, कलम 92 मध्ये गुन्हा आहे. कमीत कमी सहा महिने. मी तक्रार केलेली नाही. घाबरून नाही. पुढच्या खेपेला बायकोला तुमच्याचकडं यायचं आहे आणि रक्त काढणारी सुई तुमच्या हातात आहे, म्हणून. हा हिशोब अपंग माणसाला रोज करावा लागतो, तुम्हाला एकदाही नाही.

आणि लाइनीत हसलेल्या आयाबहिणींनो, तुमच्यातल्या निम्म्या जणी नवरा दारू पिऊन येतो म्हणून रात्री जावेच्या खोलीत झोपतात. मी दुकानात बसतो, मला सगळं ऐकू येतं. तुमच्या त्या धडधाकट नवऱ्यांना कोणी लाइनीत उभं करून विचारलं का कधी, की यांच्यानं काय होते? त्या दिवशी घरी येताना बायको एसटीत एक शब्द बोलली नाही. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, ‘‘पुढच्या बारीले तुम्ही नका येऊ.’’ माझ्यासाठी म्हणाली ती, मला ऐकावं लागू नये म्हणून. हे केलंत तुम्ही पाच मिनिटांच्या हसण्यात.

मी येणार आहे. 9 तारखेला, सकाळी साडेआठला, पहिल्या एसटीनं. कॅलिपरला तेल घालून ठेवलंय. नाव लिहून घ्या, पतीच्या रकान्यात.